वऱ्हाडाची गादी आणि घुमणारी खोली

१/ वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपल्या, की पुष्कळदा त्या विहिरीतून आल्यासारख्या ऐकू येतात. दोष गळ्याचा नसतो. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वरचे टिनपत्रे आवाज परत फेकत असतात. यावरचा स्वस्त उपाय घरातच असतो. तो का चालतो, हे मात्र अमेरिकेत १८९५ नंतर उलगडले. #इतिहास

२/ हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. एकेक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. दुरुस्तीचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे आले.

३/ साधने मोजकी होती: ऑर्गनची नळी, वेळ नोंदणारे यंत्र आणि स्वतःचे कान. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणायच्या, घुमणे मोजायचे, सकाळपूर्वी परत ठेवायच्या. मागची भिंतही छतापर्यंत गाद्यांनी झाकली, तेव्हा घुमणे सुमारे एका सेकंदावर आले.

४/ यातून नियम निघाला. खोली मोठी तितके घुमणे लांब. मऊ, सच्छिद्र वस्तू अधिक तितके ते आखूड. तंतूंच्या जाळीत शिरलेली हवेची कंपने घर्षणाने विरतात. याच नियमाच्या आधारे बॉस्टनचे सिंफनी हॉल आखले गेले. ते १९०० मध्ये खुले झाले.

५/ मात्र गादी खोलीतले घुमणे शोषते, बाहेरचा गोंगाट अडवत नाही. मुंबईत ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाच्या वेळी हीच अडचण आली. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. अर्देशीर इराणी यांनी गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण केले. विकत न मिळणारी शांतता त्यांनी घड्याळाकडून मिळवली.

६/ आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ मध्ये कंपनी सरकारने निजामाकडून हा कापसाचा मुलूख आपल्या कारभाराखाली घेतला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने भारतीय कापसाचे भाव कडाडले. गाठी विलायतेला गेल्या; घरी राहिलेला कापूस पिंजाऱ्याच्या हातून फुलून गादी-रजईत शिरला.

७/ पिंजणे म्हणजे तंतूंमध्ये हवा भरणे. आवाज शोषण्यासाठी नेमके तेच लागते. म्हणून गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गाद्या उभ्या कराव्यात, भिंतीपासून चार-सहा इंच पुढे. भिंतीलगत हवेची हालचाल थांबते; थोड्या अंतरावर ती वाढते आणि तंतूंना काम मिळते. विजेच्या तारा व दिवे मात्र दूर असावेत.

८/ भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याने फारसे साधत नाही. १०० हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. पातळ पुठ्ठा तिला रोखू शकत नाही. उलट काही वरचे स्वर तेवढे कमी होतात आणि आवाज कोंदट वाटतो.

९/ जुन्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती बाहेरचा आवाज बऱ्यापैकी अडवतात. टिनाखाली पाऊस थांबण्याची वाट पाहावी लागते. गादी, भिंत आणि वेळ या तिन्ही गोष्टी फुकटात जुळतात. स्टुडिओसाठी पैसे साठेपर्यंत ओव्या ठाऊक असलेली पिढी थांबणार नाही. (समाप्त)