मेंढीचं औषध, लेकराची गोळी

अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी जंताची गोळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती आली कुठून, ते आज बोलू.

आपल्या आज्या तान्ह्या बाळासाठी वावडिंगाचे चार दाणे दुधात उकळायच्या. पोटात जंत झाले म्हटलं की पळसपापडी शोधायच्या. चरकसंहितेत कृमीवर विडंग सगळ्यांत वरचं मानलं आहे, आणि विडंग म्हणजेच वावडिंग. तेव्हा आज्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही. माप मात्र घरोघरी वेगळं. पुढे डॉक्टरांकडे सँटोनिन आलं. ते जास्त झालं की माणसाला सगळं पिवळं दिसायचं!

आजची गोळी अल्बेंडाझोलची. हे औषध १९७७ साली ऑस्ट्रेलियात आधी मेंढ्यांसाठी बाजारात आलं, माणसांसाठी १९८२ मध्ये. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायांना याचं नवल वाटणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना जंताचं औषध पाजायचं आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. मेंढीचं वजन बाजारात मोजलं जातं, पोरीचं कोण मोजतं?

या औषधानं जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. मातीतली अंडी मात्र तशीच राहतात. अंकुशकृमी तर अनवाणी पायांतून शिरतो आणि रक्त पितो. म्हणून आपल्या तासगावच्या आर. आर. आबांनी ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ मध्ये, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेही आम्ही जंताच्या इतिहासातच धरतो.

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना गोळी फुकट. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, ती चुरून. पुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅमची; तीन वर्षांपर्यंत तीही चुरून, नंतर चावून. त्या दिवशी लेकरू आजारी असेल तर थांबायचं.

पण फेब्रुवारीत ऊसतोड भरात असते. माण-जतची कितीतरी पोरं तेव्हा कारखान्याच्या भागात, कोप्यांवर, अनवाणी फिरत असतात. शाळेच्या हजेरीत ती नसतात. शाळेत न जाणाऱ्या पोरांना गोळी अंगणवाडीत मिळते, नाव तिथलं नसलं तरी. तेव्हा ज्यांच्या गावाजवळ कोप्या पडल्या आहेत, त्या गटांनी अंगणवाडीताईंना आधीच भेटून तिथली लेकरं मोजून द्यावीत. गावाकडच्या गटांनी जाणाऱ्या आयांना हे निघतानाच सांगावं.