घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? माइक घेण्याआधी खोली ऐका

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात माल घेऊन येणाऱ्या गाड्या, हमालांचे आवाज, हॉर्न. अशा गावात कुणाला घरी भजन, भारूड किंवा यूट्यूबसाठी गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर खोली बहुतेक अशीच मिळते: सिमेंटच्या चार भिंती, खाली फरशी, वर पत्रे.

मग पाच-दहा हजारांचा माइक मागवला जातो. रेकॉर्डिंग ऐकलं, तर आवाज विहिरीत गायल्यासारखा. दोष माइकवर येतो आणि त्याहून महाग माइकचा शोध सुरू होतो. खरं तर माइकने त्याचं काम चोख केलेलं असतं. त्याने खोली जशी आहे तशी टिपलेली असते.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या खोलीत तो एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागही पुरा घेत नाही. इतक्या लवकर आलेला पडसाद आपल्याला वेगळा ऐकू येत नाही, कारण दोन कान आणि मेंदू मिळून तो बऱ्याच अंशी बाजूला सारतात. माइकला ही सोय नाही. मूळ आवाज आणि भिंतींवरून आलेले शेकडो पडसाद तो एकत्र साठवतो. एकदा मिसळलेला घुमारा नंतर पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. घुमारा कमी करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांचा जास्त वापर केला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

खोली तपासायला खर्च नाही. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळीमागे 'टर्रर्र' असा धातूचा शेपटा ऐकू आला, तर तो गाण्यातही येणार.

उपाय बहुतेक घरांत घडी करून ठेवलेला असतो: गोधडी. आवाजाची लाट जाड, सच्छिद्र कापडात शिरते आणि तिथेच तिची ताकद मोडते. मात्र गोधडी टांगायची कुठे, यात बहुतेकांची चूक होते. घरी वापरले जाणारे बरेचसे माइक समोरून जास्त आणि मागून कमी ऐकतात. माइकच्या समोर असतो गायक आणि गायकाच्या मागे असते भिंत. म्हणून पहिली गोधडी गायकाच्या पाठीमागे लावायची, दुसरी-तिसरी बाजूंना. भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटं अंतर सोडून दोरीवर टाकली, तर जास्त उपयोग होतो. खाली सतरंजी आणि पत्र्याखाली डोक्याच्या वर एखादी जाड चादर ताणली की टाळीचा शेपटा बराच तुटतो. कापसाची गाठोडी किंवा धान्याची पोती घरात असतील, तर ती कोपऱ्यात रचावीत.

अंड्यांचे ट्रे मात्र लावू नयेत. हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे, पण पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही आणि बाहेरचा आवाज तर अजिबात अडवत नाही.

गोधडीलाही मर्यादा आहे. ती वरचे, टोकदार आवाज शोषते, पण पखवाजाच्या धुमेचा खोल आवाज तिला दाद देत नाही. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे दोन इंचांचं कापड काहीच नाही. त्यात खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा फूट असेल, तर तिन्ही दिशांना ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर साचतो. त्यामुळे घरात पर्याय असेल, तर चौकोनीपेक्षा लांबट खोली निवडावी.

आणि बाहेरचे हॉर्न? ते थांबवायला जड, जाड आणि फट नसलेली भिंत-दारं लागतात. तो खर्च मोठा आहे. स्वस्त उपाय म्हणजे वेळ निवडणं: बाजार उठल्यानंतर रात्री उशिरा किंवा पहाटे. पंखा आणि फ्रिज बंद. पाऊस लागला, तर पत्र्याखालचं काम तिथेच थांबवावं.

खोलीनंतर अंतर. तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर असावं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून दूर उभं राहून आवाज वाढवला की घुमाराही वाढतो. 'भ', 'फ', 'प' म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळून 'भप्प' होतं. त्यासाठी माइक तोंडासमोर न धरता जरा तिरका ठेवावा.

साध्या खोलीत नाजूक कंडेन्सर माइकपेक्षा जवळून गाण्याचा डायनॅमिक माइक अनेकदा बरा पडतो. हा काही गरिबीचा पर्याय नाही. मायकल जॅक्सनच्या १९८२ सालच्या 'थ्रिलर' अल्बममधलं गायन शुअर एसएम७ या डायनॅमिक माइकवर झालं होतं.

पातळी ठेवताना सगळ्यात उंच सुरालाही मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान थांबला पाहिजे. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला नीट शिवता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड केलं, तर थोडा कमी घेतलेला आवाजही नंतर वाढवता येतो. मागे सतत 'हंऽऽ' ऐकू येत असेल, तर तो बहुधा विजेचा ५० हर्ट्झचा गुंज असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्यावं आणि घराचं अर्थिंग तपासून घ्यावं.

अख्खं भजनी मंडळ आणि माइक एकच असेल, तर जुनी युक्ती कामाला येते. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि हॉटेलच्या खोलीतच स्टुडिओ थाटून त्याने गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हा माइक नव्हताच, एक कर्णा होता. कोण मोठं आणि कोण बारीक ऐकू येणार, हे कर्ण्यापासून कोण किती दूर आहे यावर ठरे. तेच इथे करायचं. गायक सर्वांत जवळ, पेटी दोन-तीन फुटांवर, पखवाज त्यामागे आणि टाळकरी खोलीच्या टोकाला. टाळ नेहमी वाटतात त्यापेक्षा जास्त टोचतात. एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकायचं आणि माणसं हलवायची.

पाठवतानाही घात होतो. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊ शकते. मूळ वेव्ह फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. यूट्यूब फार मोठ्या आवाजाची गाणी आपणहून खाली आणतं, त्यामुळे शेवटी आवाज ठासून भरण्यात फायदा नाही.

हे सगळं फक्त रील करणाऱ्यांच्या कामाचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या हजारो रेकॉर्डही झाल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. ती रेकॉर्डिंग्ज स्टुडिओतली नाहीत, गावातली आहेत.

घरातल्या आजीची ओवी घ्यायची असेल, तर तिला गोधड्यांच्या कोंडीत उभं करू नये. ती जिथे बसून गाते, तिथेच माइक न्यावा. एकदा जात्याच्या घरघरीसह घ्यावं आणि एकदा जातं थांबवून, कारण घरघर नंतर वेगळी करता येत नाही. फोनवरच रेकॉर्ड करायचं असेल, तर तो फ्लाइट मोडवर ठेवून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा, म्हणजे जमिनीचा हादरा त्यात येत नाही. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून येऊ द्यावी. आणि फाइल त्याच दिवशी दुसऱ्या एका जागी उतरवून ठेवावी.