गोकायामाचा सोरा

जपानच्या तोयामा प्रांतात, शो नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेल्या गोकायामातील उभ्या उताराची, गवताने शाकारलेली घरे १९९५ साली जागतिक वारसा ठरली. परंतु माएदा घराण्याच्या कागा संस्थानाने ज्यासाठी हा दुर्गम मुलूख डोळ्यांत तेल घालून जपला, ते रहस्य जमिनीखाली होते. घरातील अग्निकुंडालगत खोल खड्डा खणून त्यात माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि दवण्याच्या जातीची रानवनस्पती यांचे थर रचावेत, ते वरचेवर खालीवर करावेत, आणि काही वर्षांनी ती माती पाण्यात निथळून, राख मिसळून, उकळून बंदुकीच्या दारूचा सोरा काढावा, असा हा दीर्घ उद्योग. माळ्यावर वाढणाऱ्या किड्यांचा मळही वाया जाऊ न देणारी ही काटकसर मला विलक्षण वाटते. भातशेतीस जागा नसलेल्या या गावांचा साराही सोऱ्याच्या रूपाने सरकारजमा होई. हद्दपार कैदी येथे ठेवले जात, म्हणून नदीवर पुलास मनाई. माणसे दोरावरच्या टोपलीतून पैलतीर गाठीत. मेइजी काळात परदेशी स्वस्त सोरा आला आणि हा धंदा बसला; दोरीने बांधून नेता येईल इतके घट्ट तोफू मात्र तेथे आजही करतात.