माती घरची, गादी परकी

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठतं. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा पातळ थर दिसतो. उन्हं वर येईपर्यंत तो विरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो झळकतो. सातारा जिल्ह्याचा बर्फाशी संबंध एवढाच, शेजारच्या सांगलीचा तेवढाही नाही.

आता बर्फावाचून न चालणारा एक खेळ घ्या. बर्फाच्या उतारावर फळीला पाय जखडून, रोवलेल्या खांबांना वळसे घालत खाली झेपावायचं, याला अल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात. १९९८ साली जपानमधल्या नागानो इथे हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. २०१८ साली चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेदेत्स्कानं तर एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. असल्या खेळात ज्याच्या गावाला बर्फ नाही त्याची कारकीर्द आधी प्रवासभाड्यापाशी अडते, कौशल्याचा प्रश्न मागाहून येतो.

सातारा-सांगलीच्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातल्या पोरांना हे अडणं जुनं ठाऊक आहे. त्यांच्यासाठी बर्फाच्या जागी कुस्तीची गादी होती.

इथली कुस्ती मातीतली. हौद्यातली तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची, आणि पहाटे वस्तादाच्या नजरेखाली तीत लोळायचं. जत्रेत हलगी कडाडली की शड्डू ठोकून उतरायचं. निकाल चितपटीचा, घड्याळाची घाई नाही, गुणांची मोजदाद नाही. इनामाचा आकडा गावानं ठरवलेला आणि खुराकाचा खर्च घरानं सोसलेला. कुंडलच्या मैदानाला सांगलीकर आजही पंढरीला जावं तसे लोटतात. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवरची, वजनी गटांची, मिनिटांची आणि गुणांची. पाय मातीत रोवायची सवय असलेला पैलवान तिथे आधी पाय कुठे ठेवायचा ते शिकतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव हे १९४८ साली लंडन ऑलिंपिकला जाऊन शिकले. जन्म १५ जानेवारी १९२६चा, वडीलही पैलवान, शाळा कराडचं टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. ५२ किलो गटात, गादीचा जेमतेम सराव असताना, खाशाबा सहावे आले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना गादीची लिपी गिरवायला लावली.

पुढची चार वर्षं कसून मेहनत झाली. तरीही १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीची निवड सरळ पदरात पडली नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणानं पराभूत ठरवण्यात आलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि या खेपेला गुण मोजायची वेळच आली नाही. प्रतिस्पर्धी चीत झाला होता.

निवड झाली, पण फिनलंडचं भाडं द्यायचं कुणी? कोल्हापूरचं संस्थान विलीन होऊन गेलेलं, त्यामुळे महाराजांची थैली आता नव्हती. नव्या सरकारकडे मागितलेली मदतही आली नाही. मग गावोगाव वर्गणी फिरली. तीही पुरेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आजच्या क्रीडा धोरणाच्या कुठल्याही कलमात त्याला बसवता येणार नाही.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानचा शोहाची इशी मात्र त्यांना भारी पडला. सुवर्ण अखेर त्यालाच मिळालं. ती लांबलेली लढत संपते न संपते तोच सोव्हिएत मल्ल राशिद मामादबेयोव्ह याच्याशी भिडायचं फर्मान निघालं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती, पण तो नियम पंचांच्या नजरेस आणून देणारा एकही भारतीय अधिकारी आखाड्यापाशी हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले आणि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या नावावर लागलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली. १९९६ साली अटलांटात ते लिएंडर पेसनं आणलं. हेलसिंकीतच कोल्हापूरकडचे के. डी. माणगावे चौथे आले. चौथ्याची आठवण कोण ठेवतो!

या खोऱ्यानं परके पृष्ठभाग पुढेही जिंकले. सांगलीतल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण घेऊन आले. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकलं. माणच्या दुष्काळी मोहीची ललिता बाबर तर स्टीपलचेस धावली, ज्यात दर फेरीला पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. २०१६च्या रिओत ती अंतिम फेरीत दहावी आली. माणदेशात एवढं पाणी एका खड्ड्यात बघायला मिळणंही अपूर्वाईचं.

खाशाबांना १९५५ साली मुंबई पोलिसांत फौजदाराची नोकरी मिळाली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर पोचला. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

पण हेलसिंकीहून ते परतले तो दिवस कराडकरांचा होता. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-ताशे वाजले, गुलाल उधळला. गुलाल धुतला गेल्यावर पैलवानाला प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर आठवत होतं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि तिथे जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.