शेवटची ओव्हर कोणाची?

भाईंदरला खाडीच्या कडेला आमचं जेसल पार्क. संध्याकाळी फिरायला निघालं की कुठं ना कुठं मुलांचं टेनिस बॉलचं क्रिकेट रंगलेलं दिसतं. आमच्या लहानपणी पहिला प्रश्न असे, 'बोलिंगची सुरुवात कोण करणार?' ही मुलं आधी विचारतात, 'लास्ट ओव्हर कोणाची?' या दोन प्रश्नांमध्ये गोलंदाजीचा अर्ध्या शतकाहून मोठा इतिहास दडलेला आहे.

जानेवारी १९६४. मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध नाशिकच्या बापू नाडकर्णींनी लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावात त्यांची ३२ षटकं, ५ धावा आणि बळी एकही नाही. एक टोक धरून ठेवणं, हेच त्यांचं काम. सामना अनिर्णित राहिला.

मग मर्यादित षटकं आली. १९७५च्या पहिल्या विश्वचषकात डाव ६० षटकांचा होता आणि एका गोलंदाजाला १२च षटकं टाकता येत. वीस षटकांच्या खेळात तर वाट्याला आली जेमतेम चार. कर्णधार षटकं महिनाअखेरच्या पैशांसारखी जपून वापरू लागले.

तिकडे अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही असंच घडलं होतं. पूर्वी सामना सुरू करणारा पिचरच बऱ्याचदा तो संपवी. पुढे ऐनवेळी येऊन विजय राखणाऱ्याचं मोल वाढलं. १९६९पासून त्याच्या कामगिरीची 'सेव्ह' म्हणून अधिकृत नोंद होऊ लागली. १९८०च्या दशकाअखेर ओकलंडच्या टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला बहुतेक वेळा शेवटच्या, नवव्या डावापुरतंच आणायला सुरुवात केली. फरक एवढाच, की तिथं बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. आपल्याकडे गोलंदाज परत येतो.

१२ मे २०१९ला हैदराबादच्या आयपीएल अंतिम सामन्यात मलिंगा असाच परत आला. आधीच्या तीन षटकांत त्यानं ४२ धावा दिल्या होत्या. चेन्नईला शेवटच्या षटकात ९ हव्या होत्या. तरी रोहित शर्मानं चेंडू त्याच्याच हाती दिला. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या आणि समोर पालघरचा शार्दूल ठाकूर! सरावासाठी आमच्याच भाईंदरवरून लोकलनं मुंबई गाठणारा हा मुलगा. मलिंगाचा संथ यॉर्कर, शार्दूल पायचीत आणि मुंबई एका धावेनं विजयी.

चार षटकांत ४९ धावा देणारा मलिंगा त्या रात्री नायक ठरला, आणि ते योग्यच होतं. पण तो सामना शेवटच्या षटकापर्यंत मुंबईच्या हातात राहिला, तो मधली षटकं राखणाऱ्यांमुळेही. ते आपल्या लक्षात राहत नाही.

परवा मैदानात एका मुलानं मधली एक ओव्हर निर्धाव टाकली. कोणी काही बोललं नाही. मी मात्र थांबून टाळ्या वाजवल्या. नाडकर्णींचं टोक अजून कोणीतरी धरून आहे, एवढं त्याला कळायला हवं होतं.