शैक्षणिक कर्ज

शैक्षणिक कर्ज म्हणजे उच्च शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी बँकेकडून किंवा अन्य वित्तसंस्थेकडून घेतलेले व शिक्षण पूर्ण झाल्यावर हप्त्यांनी फेडावयाचे कर्ज होय. शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही. कर्ज व्याजासह फेडावे लागते. विद्यार्थ्याच्या भावी मिळकतीवर विश्वास ठेवणे हे या कर्जाचे मूळ तत्त्व आहे. व्यवहारात मात्र पालकांची पत व तारण यांना मोठे महत्त्व येते. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात ही तफावत विशेष जाणवते.

इतिहास

जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देणारा निधी स्थापन केला. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या सुरुवातीच्या लाभार्थींपैकी होत. केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्ती योजना सुरू केली. तिच्यातील कर्ज बिनव्याजी होते. इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. सार्वजनिक बँकांची आजची पद्धत मुख्यतः तिच्यावरच आधारलेली आहे.

स्वरूप व अटी

शिक्षण व परीक्षा शुल्क, वसतिगृह, खानावळ, पुस्तके, संगणक आदी खर्चांसाठी हे कर्ज मिळते. पालक सहकर्जदार असतात. आदर्श योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण वा स्वतःचा हिस्सा लागत नाही. ७.५ लाखांपेक्षा अधिक कर्जासाठी तारण मागितले जाते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ते भरावे लागत नाहीत. त्यानंतर परतफेडीस कमाल १५ वर्षांची मुदत असते.

व्याजाची आकारणी

हप्ते थांबलेले असले तरी व्याज थांबत नाही. सवलतीच्या काळात सरळ व्याज आकारले जाते व ते पुढे मुद्दलात मिळवले जाते. उदाहरणार्थ, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या आरंभी १ लाख रुपये, १० टक्के दराने घेतले असता पाचव्या वर्षाच्या अखेरीस १ लाख ४० हजार रुपये व्याज साचते. परतफेड ४ लाखांची नव्हे, तर ५ लाख ४० हजारांची सुरू होते. त्याच दराने दहा वर्षांत फेडायचे ठरवल्यास मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये येतो. शिकत असतानाच व्याज भरले असते, तर तो सुमारे ५,२९० रुपये आला असता.

शासकीय योजना

२००९–१० पासूनच्या केंद्रीय व्याज अनुदान योजनेत वार्षिक ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांचे सवलतीच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आवश्यक असतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना निवडक संस्थांपुरती मर्यादित आहे. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, अन्य शासकीय लाभ न घेणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. महाराष्ट्रात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ व मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतात. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळ व्याज परतावा योजना राबवते.

ग्रामीण भागातील अडचणी

वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे पूर्णा–अकोला लोहमार्गावरील गाव आहे. अशा गावांतील विद्यार्थ्याला अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणासाठी अनेकदा अकोला, अमरावती, नागपूर किंवा पुणे गाठावे लागते. त्यामुळे शुल्काच्या जोडीला निवासाचा खर्चही येतो. घरची मालमत्ता म्हणजे बहुधा सोयाबीन–तुरीची शेती. मात्र २००२ च्या सरफेसी कायद्याची जप्तीची तरतूद शेतजमिनीस लागू होत नाही. म्हणून मोठ्या कर्जासाठी बँका ती तारण घेण्यास नाखूश असतात. शिवाय सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आधीच असू शकतो. पीककर्ज थकले की सहकर्जदार पालकांचा सिबिल गुणांक घसरतो आणि पावसाअभावी बुडालेल्या हंगामाची झळ मुलाच्या प्रवेशाला बसते. केवळ कमी सिबिल गुणांकामुळे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. महाराष्ट्रातील २०१७ व २०१९ च्या शेतकरी कर्जमाफी योजना शेतीकर्जापुरत्या होत्या. शैक्षणिक कर्ज त्यांत समाविष्ट नव्हते.

परतफेड

नोकरी लांबल्यास बँकेला वेळीच लेखी कळवून मुदतवाढ मागता येते. हप्ते न सांगता थांबवल्यास कर्ज अनुत्पादक ठरते आणि विद्यार्थी व पालक दोघांचीही पत बिघडते. जुन्या करप्रणालीत आयकर कायद्यानुसार भरलेल्या व्याजावर कमाल आठ वर्षे वजावट मिळते. मुद्दलावर ती मिळत नाही.