देवाची माया

मराठी बायबलात देवाच्या प्रेमाला 'प्रीती' हा शब्द आहे. पानोपानी प्रीती. वाचायला गोड लागतो, पण गावात तो कोणी वापरत नाही. आई लेकरावर प्रीती करत नाही, माया करते. गाय वासराला जीव लावते. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पाळकबुवा प्रीतीवर तासभर बोलले, की ती घरी येऊन एवढंच सांगायची, "देव आपल्यावर माया करतो, बस." शास्त्री लोक मायेला भ्रम म्हणतात. म्हणोत बापडे. आजीची माया निराळी होती.

हा फरक नुसता शब्दाचा नाही. सातासमुद्रापलीकडून आलेली गोष्ट आमच्या माणसांच्या काळजापर्यंत कशी पोचली, हे त्यात आहे.

१८३१ साली अमेरिकन मिशन नगरला आलं. शाळा निघाल्या, दवाखाने आले, १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघू लागला. ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. गोऱ्या साहेबांचं मराठी पुस्तकी. मग आपल्याच लोकांनी तोड काढली आणि कीर्तन सुरू केलं. टाळ, मृदंग, आख्यान सगळं तेच, फक्त कथा येशूची.

त्यातली उधळ्या पुत्राची कथा शेतकऱ्याला सांगावीच लागत नाही. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. आमच्याकडे असं पोरगं बापाच्या तोंडावर 'तू मर' म्हणाल्यासारखंच. पैसा उडवून तो डुकरं राखायला लागतो, डुकरांच्या शेंगांवर त्याचा जीव जातो. शेवटी तो परत निघतो, तर म्हातारा लांबूनच ओळखून पळत सुटतो. गावात मोठ्या घरचा म्हातारा पळत नाही हो, त्याला मान असतो. इथं त्यानं मान बाजूला ठेवला. पोराची माफी पुरी ऐकूनही घेतली नाही.

मला मात्र थोरल्या भावाचंच जास्त वाटत आलंय. तो रानातून दमून येतो आणि घरी वाजंत्री ऐकतो. त्याला बोलवायला कोणी बांधावर गेलं नव्हतं. तो रुसून दाराबाहेर थांबतो, तर बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. आमच्या मंडळ्यांत थोरले भाऊ पुष्कळ झाले. 'आम्ही जुने ख्रिस्ती, आम्ही अमक्या जातीतले' म्हणणारे. प्रभूच्या टेबलाशी एकत्र आणि सोयरिकीला वेगळे.

नारायण वामन टिळक हे कोकणातले ब्राह्मण, कवी. १८९३ साली रेल्वेत एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला, १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त माउली होतो. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या मुलखातल्या माणसाला माउली म्हणजे काय हे समजावून द्यावं लागत नाही. गावकुसाबाहेरच्यांना तर देवाला आई म्हणण्याचा हक्क चोखोबापासूनच होता, फक्त देवळाचा दरवाजा बंद होता. टिळकांची गाणी आजही 'उपासना संगीत'मध्ये आहेत. पेटीवर सूर धरला की म्हाताऱ्या बायका पुस्तक न उघडता म्हणतात.

लक्ष्मीबाईंना मात्र वेळ लागला. नवरा बाटला म्हणून त्या पाचेक वर्षं माहेरच्यांत राहिल्या. सोवळं, जात, विटाळ एकेक करून सुटलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हे सारं त्यांनी हसत हसत लिहिलंय.

गावात आम्हाला एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला, 'पोटासाठी बाटले.' दुष्काळात मिशननं ज्वारी दिली, हे खरंच आहे. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याच्या पुढ्यात कोणी बसून नाव विचारलं, पोराला शाळेत घातलं, तर त्यात त्याला देव दिसला. भाकरीत माया नसते असं कोणी म्हणावं? १९७२ च्या दुष्काळात मी पोरगा होतो. मराठा, दलित, ख्रिस्ती सगळे एकाच कामावर खडी फोडत होते आणि एकच सुकडी खात होते. त्या सुकडीला कोणी बाटलेली म्हणालं नाही. सरकारी कागदाचं आणखी वेगळं. ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते, विटाळ मात्र गावात तसाच राहतो.

पंडिता रमाबाईंचं सांगणं मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो उमगायला आठेक वर्षं गेली. एवढी विद्वान बाई, संस्कृत तोंडपाठ, पण देव आपल्यावर आहोत तशाच माया करतो हे पटायला तिलाही इतकी वर्षं लागली. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो उपाशी विधवा, मुली घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

आधीचं मराठी बायबल या बायकांना कळत नव्हतं. संस्कृत शब्द फार. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल पुन्हा लिहायला बसल्या. छापखाना केडगावातच होता, खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्याच्या थोडं आधी काम हातावेगळं झालं होतं. पुरा ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.